गट्टू नकोत, गाड्या आवरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली रस्त्याकडेच्या चिखलाची बातमी वाचली आणि रात्री झोप लागली नाही. चिखल होतो, गाड्या फसतात, म्हणून पश्चिम नागपुरातल्या लेआउटमध्ये रस्त्याच्या दोन्ही कडांना गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवा, अशी ‘रहिवाशांची मागणी’ असल्याचे आपण छापले आहे. मीही रहिवासीच आहे, चौतीस वर्षांपासूनची. मला कोणी विचारले नाही. आणि हा चिखल केला कुणी, याबद्दल बातमीत एक ओळही नाही.

आमच्या वालकंपाऊंड आणि रस्त्याच्या मध्ये सात-आठ फुटांची पट्टी आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे कमरेएवढे गाजरगवत माजले होते. आमच्या यजमानांनी ते मुळासकट उपटले आणि मृगाच्या पावसात हरळीच्या, म्हणजे दूर्वांच्या, काड्या खोचल्या. दोन पावसाळ्यांत पट्टी भरून आली. मग दर भाद्रपदात चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या मुली परड्या घेऊन यायच्या आणि फाटकाशी बसून एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधायच्या. यंदा मीच दूर्वा बाजारातून विकत आणल्या. माझ्या फाटकासमोर आता टाचेएवढ्या खोल चाकोऱ्या आहेत आणि त्यांत डासांच्या अळ्या.

समोरच्या इमारतीत शिकवणी वर्ग निघाल्यापासून रोज संध्याकाळी पालकांच्या चारचाक्या रस्ता सोडून या पट्टीवर चढतात. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी एक मोठी गाडी रुतली. चालवणाऱ्याने इतके ॲक्सिलेटर दाबले की चाकाने हातभर खड्डा खणला. मग तो उतरला, कडुनिंबाच्या आळ्याभोवती यजमानांनी लावलेल्या विटा एकेक करून उपसल्या आणि चाकाखाली घातल्या. गाडी मागे घेताना त्या चार वर्षांच्या कडुनिंबाची एका बाजूची साल सोलली गेली. मी बाहेर जाऊन बोलले तर उत्तर मिळाले, “काकू, जागा सरकारी आहे.” जागा सरकारी आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती कुणाच्या गाडीची नाही. यजमान गेल्याला तीन वर्षे झाली. त्या विटांचे तुकडे मी दुसऱ्या दिवशी चिखलातून वेचून काढले.

आपली माती काळी आहे. ओली झाली की फुगते आणि मऊ पडते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा ओल्या मातीवरून टनभराहून जड गाडी गेली की तिच्यातली हवेची जागा दाबून बंद होते. मग पाणी खाली मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि गवत मरते. गवत गेले की मातीला धरून ठेवायला काही उरत नाही, त्याचाच चिखल होतो. जिथे गाड्या चढत नाहीत, त्या आमच्या मागच्या गल्लीत हाच पाऊस पडतो. तिथे जाऊन बघा, चप्पल भिजते, पण रुतत नाही.

गट्टू बसवून गाड्या फसणार नाहीत, हे खरे. पण पाणी कुठे जाणार? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. त्यालाही फार वर्षे झाली नाहीत. आमच्या रस्त्याचे सिमेंटीकरण झाले तेव्हा तो अंगणापेक्षा वीतभर उंच करून ठेवला. आता जोराचा पाऊस आला की रस्त्याचे पाणी थेट फाटकातून आत येते. त्याची तक्रार मी तीनदा केली, कोणी फिरकले नाही. आज त्या पाण्यातले निदान थोडे या पट्टीत मुरते. तीही झाकली की आम्ही बादल्या घेऊनच बसायचे.

झाडांचेही तेच. दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा, असा हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०१३ चा आहे. आपल्या राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ म्हणजे झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेसुद्धा. म्हणजे साल सोलणाऱ्या गाडीवर कारवाई होऊ शकते. मी दोन कार्यालयांत गेले. एकाने सांगितले, हा पार्किंगचा विषय आहे. दुसऱ्याने सांगितले, ही जागा रस्त्यात येत नाही.

माझी मागणी साधी आहे. पट्टीच्या कडेला दोन-दोन हातांवर गुडघ्याएवढे दगड रोवा, गाडी चढणार नाही. गट्ट्यांहून खर्च कमी येईल. शिकवणी वर्गांना परवानगी देताना गाड्या कुठे उभ्या राहणार, हे आधी विचारा. आणि आपण पुन्हा बातमी कराल तेव्हा आमच्या गल्लीतही बातमीदार पाठवा, सकाळी नको, संध्याकाळी सहा ते आठ.

दगड लावले नाहीत तरी पुढच्या मृगात मी हरळी पुन्हा लावणार आहे. काड्या मागच्या गल्लीतून आणीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर

ता. क. बातमीसोबतच्या छायाचित्रातल्या झाडाला आपण गुलमोहर म्हटले आहे. पिवळी फुले आहेत, तो सोनमोहर आहे. त्याच्या बुंध्याला टेकून उभी असलेली पांढरी गाडी मात्र छायाचित्राखालच्या ओळीत कुठेच नाही.