गुरुवारी फिरता दवाखाना ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) येतोय – सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, येत्या गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता फिरत्या दवाखान्याची गाडी साखर कारखान्यामागच्या कोप्यांवर येणार आहे. मागच्या वेळी गाडी सकाळी ११ ला आली अन् कोप्यांवर फक्त म्हाताऱ्या अन् लेकरं होती, कारण तोडणीच्या टोळ्या पहाटेच उसाच्या फडात जातात, आणि खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडला, तर पैसे कापतात, मग बाई तपासणीला थांबेल कशी? म्हणून यावेळी टाइम मुद्दाम बदलून घेतलाय. टोळ्यांच्या मुकादमांना आजच फोन करून हे कळवा प्लीज.

गरोदर बायांना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणायला सांगा, गावाकडंच राहिलं असेल तर तिथल्या आशाताईला फोन करून फोटो मागवा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आलं की लोहाच्या गोळ्या मिळतीलच, पण त्या चहासोबत घेऊ नका हे प्रत्येकीला समजावून सांगा, चहानं लोह अंगी लागत नाही. मागच्या खेपेला एका ताईची गोळ्यांची अख्खी पट्टी उशीखाली तशीच सापडली, म्हणे मळमळतं. ओरडू नका हो, जेवल्यावर घ्यायला सांगा.

९ महिने पूर्ण झालेल्या लेकरांची गोवर-रुबेलाची लस चुकवू नका, गावाकडं बीडला राहिलेला डोस इथंही मिळतो आणि फुकट. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल त्यांचं नाव आधीच कळवा.

रात्री-अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर गाडीची वाट बघू नका, लगेच १०८ किंवा १०२ ला फोन करा. गुरुवारी कोण कोण येतंय ते इथंच टाका, उजेडासाठी दोन बॅटऱ्या पण लागतील.