बढती अडते ती व्हिसाच्या दारात

महोदय,

सत्या नाडेला २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे आणि सुंदर पिचाई २०१५ मध्ये गूगलचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, तेव्हापासून अमेरिकेतील भारतीयांच्या नेतृत्वाचे कौतुक आपल्याकडे अखंड चालू आहे. त्यांच्या खालच्या पायऱ्यांवर अडकलेल्यांविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. रोजगाराधारित ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारणपणे ७ टक्क्यांवर रोखलेला असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. त्यात कामाचे स्वरूप बरेच बदलले, म्हणजे अभियंत्याचा व्यवस्थापक झाला, तर कंपनीला श्रम-प्रमाणपत्राची (त्या पदासाठी योग्य अमेरिकी कर्मचारी मिळत नाही, हे सरकारला दाखवण्याची, ग्रीन कार्डासाठी लागणारी) प्रक्रिया नव्याने करावी लागू शकते, म्हणून बढतीचा विषय काढायलाच अनेकजण कचरतात. माझ्या भाच्याने याच धास्तीने चालून आलेले पद नाकारले आणि घरी मात्र ‘काम फार वाढले असते’ एवढेच सांगितले.

चिनी, कोरियन वंशाच्या कर्मचाऱ्यांची अडचण निराळी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार नेतृत्वपदांवर दक्षिण आशियाईंच्या तुलनेत पूर्व आशियाई कमी दिसतात, आणि आपले मत ठासून मांडण्याच्या सवयीतील फरक हे त्यामागील एक कारण आहे. बैठकीत कमी बोलणाऱ्याला नेतृत्वगुणच नाहीत असे ठरवणाऱ्या मूल्यमापनाचा हा दोष आहे, असे माझे मत आहे. पुढच्या वेळी एखाद्या भारतीयाच्या नियुक्तीची बातमी पहिल्या पानावर छापताना या रांगेचीही चौकट सोबत द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे