लडाखची रसद आणि एअरशिप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लडाखच्या सीमेवरील चौक्यांना एअरशिपने (हवेपेक्षा हलक्या वायूवर तरंगणाऱ्या आणि इंजिनाने चालणाऱ्या वायुयानाने) रसद पोचवावी, असे सुचवणारा लेख आपल्या अंकात वाचला. एअरशिपला लांब धावपट्टी लागत नाही आणि तरंगत राहण्यासाठी इंधन जाळावे लागत नाही, हे त्यातले म्हणणे बरोबरच आहे. मात्र टेहळणी आणि मालवाहतूक ही दोन अगदी वेगळी कामे लेखात एकाच मापाने मोजली गेली आहेत, म्हणून हे पत्र.

टेहळणीच्या कामात आपले पाऊल योग्य दिशेने पडले आहे. ३ मे २०२५ रोजी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या आग्रा येथील प्रयोगशाळेने तयार केलेल्या एअरशिपने मध्य प्रदेशातील श्योपूर येथून पहिले उड्डाण केले आणि उपकरणांसह ती सुमारे १७ किलोमीटर उंचीवर, स्थितांबराच्या (ढग-पावसाच्या थरावरील वातावरणाच्या थराच्या) उंबरठ्यावर पोचली. उड्डाण ६२ मिनिटांचे होते. एवढ्या उंचीवरून क्षितिज साडेचारशे किलोमीटरहून दूर जाते, आणि उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो तिथे एअरशिप ठाण मांडून राहू शकते. मिनिटांवरून महिन्यांवर जाण्यासाठी जो काही खर्च लागेल तो सरकारने हात आखडता न घेता करावा, असे मला मनापासून वाटते.

रसदीचे गणित मात्र निराळे आहे. समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. लेहच्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे तोच हेलियमने भरलेला फुगा सुमारे ३० टक्के कमी उचलतो आणि पाच हजार मीटरवर सुमारे ४० टक्के कमी. एअरशिपचे स्वतःचे वजन काही घटत नाही, त्यामुळे ही सगळी तूट मालातूनच वजा होते. शिवाय दहा टन माल उतरवला की एअरशिप दहा टनांनी हलकी होते. तिला खाली धरून ठेवायचे तर तेवढेच पाणी किंवा दुसरे वजन चढवावे लागेल, नाहीतर आपण जवळजवळ पूर्णपणे आयात करत असलेला हेलियम हवेत सोडावा लागेल. हिवाळ्यात जिथे प्यायचे पाणीही बर्फ वितळवून करावे लागते, तिथे हे टनांनी पाणी आणायचे कोठून?

एअरशिपने लष्करी रसद पोचवण्याचा प्रयत्न पूर्वीही झाला आहे. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१७ मध्ये, जर्मनीने पूर्व आफ्रिकेतील आपल्या सैन्यासाठी सुमारे १५ टन सामान देऊन एल ५९ ही झेपेलिन (जर्मन बनावटीची मोठी एअरशिप) बल्गेरियाहून पाठवली. ती परत आणण्याचा बेतच नव्हता, कारण तिकडे भरायला वायू मिळणार नव्हता. तिच्या कापडाचे तंबू करायचे ठरले होते. खार्तूमच्या आसपास पोचल्यावर तिला माघारी बोलावले गेले. सुमारे ९५ तास ती हवेत होती, माल मात्र पोचला नाही.

मी हवामान खात्यात अनेक वर्षे पहाटे बलून सोडले आहेत. दोघांना सहज आवरणारा तो बलून शेडच्या दारातून बाहेर काढताना वाऱ्याचा एक झोत आला की आडवा लोळायचा, चौकटीला घासून फाटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून गॅस भरावा लागायचा. वर गेल्यावर त्याची काळजी नसे. जी काही कसोटी होती ती जमिनीपासूनच्या पहिल्या वीस फुटांत. मोठा बलून ताब्यातून सुटला की काय होते, हे अमेरिकी लष्करालाही २०१५ मध्ये कळले. मेरिलँडमध्ये दोराने बांधलेला त्यांचा रडार बलून सुटून पेनसिल्व्हेनियात गेला आणि मागे फरफटणाऱ्या दोराने विजेच्या तारा तोडत गेला.

लेहला दुपारी वारा चढतो म्हणून प्रवासी विमानेसुद्धा शक्यतो सकाळीच उतरवतात. तेव्हा रसदीच्या एअरशिपसाठी कोणताही करार करण्याआधी एक मध्यम आकाराची एअरशिप लेहमध्ये वर्षभर नुसती जमिनीवर बांधून ठेवावी, ती रोज शेडमधून बाहेर काढून पुन्हा आत घ्यावी आणि किती दिवस हे जमले नाही त्याची नोंद संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
हवामान खात्यातील एक निवृत्त कर्मचारी, पुणे