शुअरच्या सुईबद्दल

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले फोटो मिळाले. फोनवर हे नीट बोलणं होत नाही म्हणून सविस्तर लिहायलो. आधी एवढं ऐक, जुनी कार्ट्रिज विकणाऱ्या मुंबईच्या त्या माणसाला अजून इसार देऊ नकोस.

शुअर कंपनीची व्ही-15 टाइप थ्री कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची सुई जिच्यात बसते ती डबी, अस्सल आहे का, असं तू विचारलंस. फोटोवरून बॉडी अस्सल वाटते. पण गड्या, या कार्ट्रिजची सुई ओढली की निघते आणि तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची, त्याच मापाची बसते. सुईत महत्त्वाचं काय, तर रेकॉर्ड वाचतो तो हिरा आणि त्याला धरणारी बारीक दांडी. तो 28 हजार मागायला ते त्यांच्या जिवावर. मॉडेल 1973 चं, आणि 2018 मध्ये शुअरनं कार्ट्रिजच्या धंद्यातूनच अंग काढून घेतलं. त्यामुळे ‘ओरिजिनल सुई, एकदम नवी’ असं कुणी म्हणालं की इतकी वर्षं ती कुठे ठेवली होती ते विचार. दांडीच्या मुळाशी रबर असतं, ते न वापरताही वयानं कडक होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पडलेली वस्तू असेल तर मी हातही लावणार नाही.

जपानची जिको कंपनी व्ही-15 साठी सुया बनवते. त्यांची एसएएस नावाची सुई फार चांगली. ती लावली आहे असं सांगून कुणी विकलं तर मी आनंदानं घेईन, फक्त किंमत त्या हिशोबानं हवी. मला चीड येते ती हे दडवून मूळ सुईचे पैसे मागणाऱ्यांची.

आता बघायचं कसं ते सांगतो. सराफ्यात दागिने पारखायला वापरतात ते दहापटीचं भिंग घे, सुई उलटी धर आणि बाजूनं उजेड पाड. महागड्या सुईत अख्खा हिरा थेट दांडीत बसवलेला असतो, छोट्या चमकत्या चौकटीसारखा दिसतो. स्वस्त सुईत धातूचा खुंट दिसतो आणि हिरा फक्त त्याच्या टोकाला. मग दांडी मुळापासून टोकापर्यंत बघ. मध्येच जाडी बदलली, सांधा दिसला, डिंकासारखा थेंब दिसला, तर ती नंतर कुणीतरी जोडलेली आहे. समोरून बघताना दांडी एका अंगाला कललेली नको. सुई रेकॉर्डवर टेकवल्यावर बॉडीचं पोट रेकॉर्डला लागत असेल तर दांडीचं रबर खचलं, तिथंच विषय संपव.

हिरा किती झिजलाय ते मात्र या भिंगातून कळत नाही. त्यासाठी तुझ्या कॉलेजातला मायक्रोस्कोप लागेल, आणि उजेड खालून नाही, वरून हवा. टोकाच्या दोन्ही अंगांना सपाट चकाकणारे डाग दिसले की सुई संपत आली समज. अशी सुई वडिलांच्या रेकॉर्डवर एकदाही टेकवू नकोस, खोबणी कापली गेली की परत येत नाही.

तारेचा रोध मोजणारा मीटर बरोबर ने. कार्ट्रिजच्या मागची पांढरी-निळी पिन डावा चॅनल, लाल-हिरवी उजवा. या शुअरला दोन्हीकडे साधारण 1350 ओहम यायला हवेत. एकीकडे काहीच आलं नाही तर आतली तार तुटलेली आहे. पण मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजला, म्हणजे जिच्यात सुईबरोबर तारेची गुंडाळी हलते तिला, साधा मीटर लावू नकोस, त्यांची तार फार नाजूक असते.

दुसरा फोटो डेनॉन डीएल-103 या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा. त्याला माणिकाची लालसर दांडी दिसायली. मूळ 103 ला ॲल्युमिनियमची दांडी आणि गोल टोकाची सुई असते. म्हणजे ही बदललेली. काम चांगलंही असेल, पण ते कुणी केलं हे विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. शिवाय त्याचं आउटपुट 0.3 मिलिव्होल्टच, तुझ्या ॲम्प्लिफायरला झेपणार नाही. तो नाद सोड.

शेवटी वाजवून घे, आणि रेकॉर्डच्या आतल्या, लेबलजवळच्या फेऱ्या ऐक. तिथं ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागले की सुई झिजली आहे किंवा नीट बसवलेली नाही. गायक नाथराव नेरळकरांना समोर बसून ऐकलेले कान आहेत तुझे, त्यांच्यावर भरवसा ठेव. तो माणूस वाजवून दाखवायला तयार नसेल तर उठून ये.

तपोवन एक्सप्रेसनं जाणार असशील तर आधी कळव. संभाजीनगर स्टेशनवर येऊन भिंग आणि मीटर तुझ्या हातात देतो. दांडीचा एक जवळून काढलेला फोटो मात्र त्याच्याकडून आजच मागव आणि मला पाठव.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा दोस्त