ड्यूझेनबर्गचे मधले मालक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या मोटारींवरच्या लेखात अभिनेते गॅरी कूपर यांच्या १९३५ सालच्या ड्यूझेनबर्ग एसएसजे गाडीचा उल्लेख होता. ती २०१८ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या लिलावात २ कोटी २० लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे दीडशे कोटी रुपयांना विकली गेली, हेही त्यात आवर्जून सांगितले होते. मात्र मधली ८३ वर्षे लेखातून साफ गळली आहेत, आणि गाडीला एवढी किंमत आली ती नटाच्या नावाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, या मधल्या वर्षांमुळे आली असे माझे मत आहे.

अमेरिकेतील इंडियानापोलिसची ड्यूझेनबर्ग कंपनी आपली ‘मॉडेल जे’ ही गाडी बहुधा चॅसी (म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन एवढ्याच स्वरूपात विकत असे. सुरुवातीला नुसत्या चॅसीलाच साडेआठ हजार डॉलर पडत, आणि बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारखान्यातून वेगळी बांधून घ्यायची असे. अशा जेमतेम ४८० गाड्या निघाल्या आणि १९३७ साली कारखान्याला टाळे लागले. पुढे याच गाड्या पेट्रोल पिणाऱ्या जुन्या धुडांच्या भावाने विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा एकीचे इंजिन दुसरीच्या चॅसीवर चढवणे किंवा लिमोझिनची बंदिस्त बॉडी उतरवून तिथे उघडी, देखणी बॉडी बसवणे हे प्रकारही झाले. त्यामुळे आज जाणकार मनुष्य गाडीचा रंग आणि चकाकी नंतर पाहतो. आधी चॅसी, इंजिन आणि बॉडी यांचे नंबर पाहतो, आणि गाडी कोणाकडून कोणाकडे गेली याचे कागद मागतो.

याच मॉडेलची आखूड आवृत्ती असलेल्या एसएसजे तर दोनच झाल्या, एक कूपर यांच्याकडे आणि दुसरी क्लार्क गेबल यांच्याकडे. नेहमीच्या १४२.५ इंचांऐवजी या दोन गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, १२५ इंच ठेवला होता. ६.९ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाला सुपरचार्जर (जादा हवा दाबून भरणारा पंप) आणि दोन कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल मिसळणारी यंत्रे) जोडून ताकद ४०० अश्वशक्तीपर्यंत नेली होती. बॉनेट उघडले की मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली जी जाड नळी दिसते, ती या दोन कार्ब्युरेटरांसाठीच बसवलेली आहे. कंपनीची घरघर तेव्हा सुरू झालीच होती. नटांच्या हाती गाड्या दिल्या त्या प्रसिद्धीसाठी, औदार्य म्हणून नव्हे.

कूपर यांच्यानंतर गाडी शिकागोचे संग्राहक कॅमेरॉन पेक यांच्याकडे आणि तिथून पुढे ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्याकडे आली. कनिंगहॅम म्हणजे फ्रान्समधील ल मांच्या मोटार शर्यतीत स्वतःच्या नावाच्या गाड्या उतरवणारे आणि १९५८ साली अमेरिका कप ही शिडाच्या नौकांची शर्यत जिंकणाऱ्या नौकेचे कप्तान. कोस्टा मेसा येथे त्यांचे मोटारींचे संग्रहालय होते. १९८६ साली तो संग्रह फ्लोरिडातील माइल्स कॉलियर यांनी घेतला, आणि त्यानंतर ही गाडी थेट २०१८ मध्येच बाजारात आली. म्हणजे इतक्या वर्षांत मोजकेच मालक, आणि तेही जपणारे. त्यामुळेच मूळ चॅसी, मूळ इंजिन आणि मूळ बॉडी एकत्र राहिली. ज्यांच्याकडे ती सर्वांत जास्त काळ राहिली, त्या कनिंगहॅम आणि कॉलियर यांची नावे लेखात एकदाही येऊ नयेत, याचे आश्चर्य वाटते.

मराठी वाचकांना याहून जवळची गोष्ट इंदूरची आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी सुपरचार्जर असलेली ड्यूझेनबर्ग मागवली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून बांधून घेतली. लांबच लांब चॅसीवर अवघ्या दोघांची बैठक, आणि रंग भगवा व काळा. माणिकबाग राजवाडा ज्या नव्या वळणाने त्यांनी सजवून घेतला, तीच नजर या गाडीतही दिसते. ही गाडी पुढे अमेरिकेत गेली. आपल्याकडे मात्र तिच्याबद्दल लिहिताना ‘महाराजांची शाही मोटार’ एवढ्यावरच विषय आटोपतो. ती इंदुरातून कधी आणि कोणाच्या हाती गेली, हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मोटारींची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते आणि आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबरही ठेवता येतो. ही सोय चांगली आहे, पण जुन्या मालकांची साखळी त्यातून आपोआप उभी राहत नाही. ती जुनी आरसी बुके, टॅक्सच्या पावत्या आणि गॅरेजची बिले यांतूनच जुळवावी लागते, आणि मालक वारला की घरची मंडळी पहिल्यांदा रद्दीत घालतात ती नेमकी हीच चिठोरी.

तेव्हा यापुढे मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीच्या बातम्यांत गाडीची किंमत आणि पहिल्या मालकाचे नाव यांच्या जोडीला चॅसी नंबर, बॉडी बांधणारा कारखाना आणि मधले मालक एवढा तपशील द्यावा, आणि होळकरांच्या ड्यूझेनबर्गवर एखाद्या अभ्यासकाकडून स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे