‘डगमगणे’ एवढाच अर्थ पुरेसा नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या इंग्रजी शिकवणाऱ्या सदरात अलीकडे ‘स्टॅगर’, ‘टॉटर’, ‘रील’, ‘लर्च’, ‘वॉबल’ आणि ‘स्वे’ हे शब्द एका ओळीत देऊन त्यांच्यापुढे ‘डगमगणे, अडखळणे’ एवढाच अर्थ छापला होता आणि यांतील कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी चालेल, असे सुचवले होते. परीक्षेत समानार्थी शब्दावर खूण करण्यापुरते हे चालून जाईल. परंतु ज्याला इंग्रजीत स्वतः चार वाक्ये लिहायची आहेत त्याची यामुळे दिशाभूल होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शब्द निवडताना पहिला प्रश्न असा की, हलणारी वस्तू जागा सोडते आहे की जागच्या जागी हलते आहे. स्टॅगर करणारा माणूस पुढे जात असतो, पण त्याची पावले वेडीवाकडी पडतात. त्याला मार बसलेला असतो, तो प्यायलेला असतो किंवा पाठीवर न पेलणारे ओझे असते. आपण याला झोकांड्या खाणे किंवा भेलकांडणे म्हणतो. टॉटर करणाराही चालतोच, पण त्याच्या पायांत मुळात बळ कमी असते. दुखण्यातून नुकता उठलेला वृद्ध किंवा पहिली पावले टाकणारे मूल लटपटत चालते, तेव्हा टॉटर हा शब्द बसतो. भरधाव निघालेल्या धिप्पाड मद्यप्याला तो लावला तर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलताच माणूस उभा राहतो. रीलमध्ये तोल पायांच्या आधी डोक्यातून जातो. जोराचा तडाखा बसून माणूस मागे कोलमडतो किंवा भोवंडतो तो रील, आणि म्हणूनच अनपेक्षित वाईट बातमीनेही इंग्रजीत माणूस रील होतो. (मोबाइलवरच्या रील्स पाहून येणाऱ्या भोवळीचा याच्याशी संबंध नाही, तरी अर्थ लक्षात ठेवायला तिचा उपयोग होईल.)

वॉबलचे तसे नाही. एक पाय आखूड असलेले टेबल, सैल झालेले चाक, पडायला आलेला दात हे सारे डुगडुगतात, आणि वॉबलला डुगडुगणे याहून नेमका मराठी शब्द मला सापडलेला नाही. हालचाल लहान, पुन्हा पुन्हा होणारी आणि बहुधा जागच्या जागी असते. चँडलर या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये दाखवून दिले की, पृथ्वीचा अक्ष तिच्या पृष्ठभागाच्या संदर्भात किंचित सरकत राहतो आणि सुमारे ४३३ दिवसांत एक फेरा पूर्ण करतो. या हालचालीला ‘चँडलर वॉबल’ म्हणतात. तेथे स्टॅगर शोभला नसता, कारण स्टॅगर म्हटले की पावले आली.

स्वे आणि वॉबल यांच्यातील सीमारेषा मात्र खरोखरच पुसट आहे. स्वे म्हणजे सावकाश, लयीत डोलणे किंवा झुलणे. वाऱ्यावर झाड स्वे होते, आणि त्यात कोसळण्याची भीती असेलच असे नाही. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी पादचाऱ्यांसाठी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. चालणाऱ्यांच्या पावलांमुळे पूल आडवा झुलू लागला, झुलत्या पुलावर तोल सावरताना लोकांची पावले त्याच तालात पडू लागली आणि त्यामुळे झुलणे आणखी वाढले. कंपने शोषून घेणारी यंत्रणा बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडण्यात आला. पूल बाजूंना लयीत हलत होता, म्हणून स्वे हा शब्द येथे चोख बसतो. लोकांनी मात्र त्याचे नाव ‘वॉबली ब्रिज’ ठेवले, कारण पायाखालचा आधार डुगडुगतो आहे, हाच त्यांचा अनुभव होता. एकच हालचाल, पण बाहेरून पाहणाऱ्याचा शब्द वेगळा आणि तिच्यावर उभे असलेल्याचा वेगळा. शब्दकोशातील समानार्थी शब्दांच्या यादीतून हे कळण्याचा मार्ग नाही.

लर्च हा जहाजावरून आलेला शब्द आहे. जहाज एकदम एका बाजूला कलंडते, तसा तो एकदाच, अचानक आणि सगळ्या वजनानिशी बसणारा झोक आहे. सतत चालणाऱ्या डुलण्याला लर्च म्हणता येत नाही. नुसता गचका बसला आणि झोक गेला नाही, तर तो जर्क. एखाद्याला वाऱ्यावर सोडून देण्याच्या अर्थाने इंग्रजी वाक्प्रचारात येणारा ‘लर्च’ मात्र एका जुन्या फ्रेंच खेळाच्या नावावरून आलेला वेगळाच शब्द आहे, आणि सदरात दोन्हींची सरमिसळ झाली होती.

आणखी एक गफलत अशी की, सदराने अस्थिर आणि अनियमित हे एकच मानले आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे दोन विकार पाहा. ‘एट्रियल फ्लटर’मध्ये ते कप्पे मिनिटाला साधारण ३०० वेळा, पण बऱ्यापैकी ठरावीक लयीत आकुंचन पावतात, ‘एट्रियल फिब्रिलेशन’मध्ये मात्र कसलीच लय उरत नाही. मराठीत दोन्हींना आपण फडफड म्हणून मोकळे होऊ; डॉक्टरांच्या दृष्टीने ही दोन वेगळी निदाने आहेत. लयच नाही आणि पुढची दिशाही सांगता येत नाही, तेथे ‘इरॅटिक’. मध्येच उसळून मध्येच थांबणाऱ्या वाऱ्याला किंवा झोपेला ‘फिटफुल’. थांबून थांबून होणाऱ्या गोष्टीला ‘इंटरमिटंट’, मग ती अगदी घड्याळाप्रमाणे ठरल्या वेळी का होईना.

माझी विनंती एवढीच आहे की, यापुढे सदरात सुटे क्रियापद न देता त्याच्यासोबत नेहमी येणारा कर्ता आणि मागचा-पुढचा शब्दही द्यावा. ‘स्टॅगर टु हिज फीट’, ‘लर्च फॉरवर्ड’, ‘रील फ्रॉम द ब्लो’, ‘टीटर ऑन द एज’ असे तुकडे छापले, तर टीटर म्हणजे कड्याच्या टोकावर डळमळणे हे वेगळे समजावून सांगावेही लागणार नाही. पुढच्या भागात चमकण्याच्या शब्दांचा गट येणार असल्याची सूचना वाचली. ‘ग्लिंट’, ‘ग्लीम’ आणि ‘ग्लिटर’ यांच्यापुढे केवळ ‘चकाकणे’ छापण्याआधी याचा विचार व्हावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक