दोनशे रुपयांचे बक्षीसपत्र आणि भाड्यावरचा कर

महोदय,

डोंबिवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार म्हणून मी गेली अकरा वर्षे काम पाहतो. भाड्याने दिलेली सदनिका बक्षीसपत्राने पत्नीच्या नावे करून, त्याची प्रत व भागदाखला (संस्थेचे शेअर सर्टिफिकेट) हाती घेऊन आलेले सभासद या काळात मी पुष्कळ पाहिले. पती-पत्नीने निवासी मालमत्ता एकमेकांना बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडते (स्थानिक अधिभार निराळा), आणि एवढ्या स्वस्तात मालकी बदलली म्हणजे भाडेही आता पत्नीच्या विवरणपत्रात दाखवायचे, असे गृहीत धरले जाते. ते चूक आहे.

बक्षीसपत्र वैध असते, मालकीही पत्नीकडे जाते. मात्र पुरेशा मोबदल्याशिवाय घर जोडीदाराला दिले असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २७ देणाऱ्यालाच मालक मानते, त्यामुळे भाडे पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. घराऐवजी रोख रक्कम बक्षीस देऊन पत्नीने त्यातून घर घेतले, तरी कलम ६४ आडवे येतेच आणि भाडे पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. भागदाखल्यावर सहयोगी सदस्य म्हणून नाव चढवल्याने तर मालकीचा हिस्साही मिळत नाही.

भाडे खरोखर विभागायचे असेल, तर विचार खरेदीच्या वेळी करायला हवा. दोघांनी स्वतःच्या कमाईतून पैसे घातले आणि हिस्से निश्चित असले, तर प्रत्येकावर आपापल्या हिश्शापुरताच कर लागतो. हिस्से निम्मे-निम्मेच हवेत असेही नाही. दरमहा २५ हजार भाडे धरले, तर वर्षाच्या तीन लाखांतून ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन २ लाख १० हजार उरतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील एकट्या पतीला त्यावर (उपकर सोडून) ६३ हजार कर बसेल. निम्मा हिस्सा पत्नीचा असेल आणि तो धरूनही तिचे उत्पन्न नव्या करप्रणालीतील १२ लाखांच्या करमाफीच्या मर्यादेत राहत असेल, तर साडेएकतीस हजार वाचतात. पत्नीकडे पैसे नसतील, तर पतीने तिला व्याजाने कर्ज देता येते; पण ते व्याज खरोखर चुकते व्हावे लागते आणि पतीला त्यावर कर भरावा लागतो, हे सल्लागार हळू आवाजात सांगतात.

आम्ही उभयतांनी २००९ साली दुसरी सदनिका घेतली, तेव्हा शिक्षिका असलेल्या माझ्या पत्नीने भविष्यनिर्वाह निधीतून दोन पंचमांश रक्कम घातली. करारनाम्यात आणि ‘इंडेक्स टू’ या नोंदणीच्या उताऱ्यावर दोघांची नावे होती, हिस्से मात्र कुठेच नव्हते. पुढे साठ-चाळीस ही विभागणी कशावरून, अशी विचारणा झाली, तेव्हा कामी आले ते तिचे जुने पासबुक. बिल्डरला दिलेल्या धनादेशांपुढे तिने शिसपेन्सिलीने बारीक फुल्या केल्या होत्या. प्रत्येकाच्या घरी असे पासबुक जपलेले असेलच असे नाही. म्हणून संयुक्त खरेदीच्या करारनाम्यात हिश्शाचा रकाना सक्तीचा करावा, अशी मुद्रांक व नोंदणी विभागाला माझी विनंती आहे.

आणखी एक. गोव्यातील पोर्तुगीज नागरी संहितेची समाईक संपत्तीची पद्धत ज्या दांपत्यांना लागू आहे, त्यांचे पगार सोडून इतर उत्पन्न, म्हणजे घरभाडेसुद्धा, १९६१ च्या कायद्यातील कलम ५अ च्या तत्त्वानुसार दोघांत निम्मे वाटूनच करासाठी धरले जाते. तिथे पत्नीने किती पैसे घातले हे कोणी विचारत नाही. इकडे तीस वर्षे घर सांभाळलेल्या गृहिणीच्या कष्टांना ‘पुरेसा मोबदला’ म्हणून शून्य किंमत आहे. निदान एका घराच्या भाड्यापुरता तसा पर्याय इतर दांपत्यांनाही द्यावा, ही मागणी महाराष्ट्रातील खासदारांनी अर्थसंकल्पाच्या चर्चेत मांडावी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)